टकरीचे दिवस

सोयाबीन निघालं की आमच्या भागातली रानं एकदम उघडी पडतात. कालपर्यंत गुडघ्याएवढं पिवळं पीक उभं असतं आणि आज बघावं तर नुसती काळी माती, मधेमधे गुळीचे, सोयाबीनच्या भुसकटाचे ढीग. मळणी यंत्रानं उडवलेला धुरळा दोन-दोन दिवस खाली बसत नाही. सकाळी अंगावर काटा येतो, दुपारी ऊन चावतं, आणि दिवस कलला की वारा पडतो. पान हलत नाही. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असते. आणि मग कुठल्यातरी वस्तीवरून ताशा ऐकू येतो.

लग्नातला ताशा वेगळा, मिरवणुकीतला वेगळा. हा तुटक असतो. दोन ठोके, की थांबला. पुन्हा दोन ठोके, की थांबला. टकरीला उतरवायच्या हल्याच्या कानाला आवाजाची सवय लावतात, तो हा ताशा. हल्या म्हणजे रेडा. दिवाळीच्या पाडव्याला, कुठं भाऊबीजेलाही, आमच्याकडं हल्यांच्या टकरी लावायची जुनी रीत आहे. परवानगी नसते, तरी लागतात. माझ्या गोठ्यातल्या म्हशींना हा ताशा बरोबर कळतो. रवंथ करता करता थांबतात आणि सगळ्याजणी एकाच बाजूला कान करतात. मग मलाही हातातलं काम सुचत नाही. मी उगाच कुणावर तरी ओरडते.

ओरडणं हा माझा स्वभाव आहे, ते मी नाकारत नाही. भोकर रस्त्याला, नांदेडच्या बाहेर माझा गोठा आहे, बावीस म्हशींचा. सुरुवात एकीवर केली होती. नवरा गेल्यावर दोन कॅन घेऊन पहाटेच्या एसटीनं शहरात दूध घालायला यायचे. कंडक्टर कॅनचं वेगळं तिकीट मागायचा, मी रोज भांडायचे. शेवटी शेवटी तो मला चढताना बघून खिडकीबाहेर तोंड करायचा. भांडल्याशिवाय मला कुणी काही दिलं नाही. पेंडवाला असो, हॉटेलवाला असो, म्हशी विकणारा असो, पहिला भाव मी आजवर कुणाचाच मानलेला नाही.

यंदा सुट्टीला माझी नात मुक्ता आली आहे. सात वर्षांची. तिला घेऊन परवा शहरातल्या थिएटरात लहान मुलांचा सिनेमा बघायला गेले. कार्टूनचा. तिथं लाह्यांच्या पुड्याचा भाव ऐकून मी काउंटरवरच्या पोराशी घासाघीस सुरू केली, तर मुक्ता माझा पदर ओढून म्हणाली, "आज्जी, इथं कमी करत नसतेत. सगळे बघायलेत."

सिनेमात एक याक होता. बर्फाच्या डोंगरातला, टेकाडाएवढा, डोळ्यांवर केस आलेला. त्याच्या केसांत चिमण्यांनी घरटं केलेलं, म्हणून तो मान हळू हलवायचा. गावाची दरवर्षीची झुंज असते आणि एवढं मोठं अंग आहे म्हटल्यावर ती यानंच लढायची, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. शिंगं मोठी आहेत, म्हणजे राग असणारच. शेवटी त्याला रिंगणात ढकलतात, समोरचा धावत येतो, आणि हा खाली बसतो. चिमण्या उडू नयेत म्हणून. सगळे लोक गप्प होतात. मग एक टाळी वाजते, मग दुसरी, मग सगळं मैदान.

थिएटरातली पोरंही टाळ्या वाजवायला लागली. मुक्तानं माझ्याकडं बघितलं. "तू का न्हाई वाजवत?"

माझे हात मांडीवर होते आणि ते मला उचलता येईनात. ज्यानं हा सिनेमा काढला त्यानं रिंगणाभोवतीची माणसं कधी बघितलेली नसावीत. मी बघितलीत.

माझ्या पहिल्या म्हशीला झालेला पहिला टोणगा मी ठेवून घेतला होता. दुधाच्या धंद्यात टोणगा कुणी ठेवत नाही. खायला लागतं, मिळत काही नाही. लोक हसले. पण जन्मला तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, आणि चार दिवस मी त्याला बाटलीनं पाजलं होतं. पाजलेलं जनावर विकताना हात मागं येतो. आमच्याकडं शांत जनावराला गरीब म्हणतात. हा इतका गरीब, की नावच गरीबा पडलं.

वाढला मात्र असा, की दारातून आत येताना खांदे घासायचे. कपाळ पाट्यासारखं. तळ्यावर न्यायचे तर पाण्यात बसून फक्त नाक वर ठेवायचा, आणि पाठीवर बगळे. बाहेर यायला कंटाळायचा. मी काठावरून ठरलेली हाक मारायचे, "ये रं गरीबाऽऽ, ये!" शेवटचा 'ये' जरा ताणून. कितीही लांब असला तरी त्या हाकेला तो आधी कान वळवायचा, मग मान, आणि मग सगळं धूड घेऊन सरळ माझ्याकडं चालत यायचा. मधे चिखल असो, काटा असो, दुसरं जनावर असो, बघायचा नाही. माझा धाकटा भाऊ दत्ता चेष्टेनं म्हणायचा, "अक्का, तू हाक मारलीस तर ह्यो भिताड फोडून यील."

दत्ता भोकरजवळच्या आमच्या गावात राहतो. माझ्या अगदी उलटा. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. लहानपणी त्याला कुणी मारलं की माझ्याकडं यायचा आणि मी जाऊन मारून यायचे.

गरीबा सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा तो विकणं भाग होतं. गोठ्यातल्या म्हशी त्याच्यापासूनच गाभण राहायच्या, आणि आता त्याच्याच पोटच्या वगारी, तरण्या म्हशी, माजावर यायला लागल्या होत्या. अशा वेळी हल्या बदलावा लागतो. हे ज्याचा गोठा आहे त्याला सांगावं लागत नाही. मी वर्षभर टाळलं, मग त्या सुगीत ठरवलं. हेच दिवस होते. हाच धुरळा. सकाळी बाजाराला निघताना मी दत्ताला दोनदा बजावलं, "म्हशींना लावायला कुणी नेत असंल तर दे. टकरीवाल्याला द्यायचा न्हाई."

"हाव," दत्ता म्हणाला.

दत्ताला सोबत न्यायचं कारण होतं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, मधे एक दस्ती, म्हणजे रुमाल, टाकतात, आणि दस्तीखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. आजूबाजूला कुणाला कळू नये म्हणून. एक बोट, दोन बोटं, पंजा. तोंडानं मात्र माणसं नुसती जनावराची निंदा नाहीतर स्तुती करत असतात. आता बाईचा हात दस्तीखाली कोण धरणार? बावीस म्हशी मी माझ्या अकलेवर जमवल्या, एकेकीचा भाव मी काढला, पण बाजारात हात नेहमी दत्ताचा. मी शेजारी उभं राहून तोंड चालवायचं आणि तो माझ्या पायाकडं बघून बोटं दाबायचा. मी डावं पाऊल पुढं टाकलं की वाढव, मागं घेतलं की सोड. ही आमची दोघांची खूण होती आणि ती आजवर कुणाला कळलेली नाही.

त्या दिवशी चाकूरकडचा एक माणूस आला. माधवराव म्हणून. पांढरे कपडे, कपाळावर मोठा टिळा, बोलणं गोड. म्हणाला, घरी चाळीस म्हशी आहेत, त्यांच्यासाठी पाहिजे. गरीबाभोवती दोन चकरा मारल्या. शिंगाला हात लावला, मानेवर थाप टाकली. गरीबानं त्याचा हात चाटला.

माधवराव हसला. "अंग हाय, पर दम दिसंना. ह्यो तर बकरीवानी हाय की हो."

भाव पाडायला असं बोलतातच. मी स्वतः हजारदा बोलले आहे. पण माझं डोकं फिरलं. आजूबाजूला दहा माणसं उभी, आणि मी पाजून वाढवलेल्या जनावराला हा बकरी म्हणतोय. मी पदर खोचला आणि म्हणाले, "दम न्हाई? सोडा की तुमच्याकडचा कुठलाबी हल्या याच्या म्होरं. शेपूट घालून पळाला न्हाई तर माझं नाव बदला!"

लोक हसले. माधवराव हसला नाही. त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं, मग दस्ती काढली आणि दत्तापुढं हात केला.

दस्तीखाली काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. दत्ताचा चेहरा तेवढा दिसत होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. माझ्या पायाकडं नाही, तोंडाकडं. मला वाटलं, आकडा चांगला आलाय म्हणून विचारतोय. मी रागातच डावं पाऊल पुढं टाकलं. आणखी वाढव. आकडा वाढला असणार, कारण लगेच दस्ती निघाली, आणि दस्ती निघाली की सौदा झाला. त्यानंतर शब्द फिरवणाऱ्याला बाजारात पुन्हा कुणी हात देत नाही. बोटांना फक्त आकडा सांगता येतो. टकरीला न्यायचा नाही, ही अट सांगता येत नाही. हे मला तोवर, इतकी वर्षं बाजार करून, कधी सुचलं नव्हतं.

टेम्पोत चढवताना गरीबा सहज चढला. तळ्यावर निघाल्यासारखा.

पुढच्या आठवड्यात कडबा आणणारा ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "अक्का, तुमचा गरीबा बघितला. शिंगं काचंनं तासून टोकदार केल्यात त्याची. दारू पाजायलेत म्हणं." त्यानं ते पिकपाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मी कडब्याच्या पेंढ्या मोजत होते. त्या पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

त्याच दिवशी जायला पाहिजे होतं. पण दिवाळीत दुधाला केवढी मागणी असते. खव्याच्या ऑर्डरी घेतलेल्या, माणसं कमी. मी म्हटलं, दोन दिवसांनी जाऊ. मग म्हटलं, वसुबारस होऊ दे. त्या आठ दिवसांत वारा असा पडला होता की गोठ्यावरचा धूर सरळ वर जायचा. दुपारी आभाळ तांबूस व्हायचं, पाऊस मात्र नाही. गरीबाच्या रिकाम्या खुंट्यापाशी त्याची आई जाऊन उभी राहायची. मी तिला काठीनं हाकलायचे. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "दत्त्यानं विकला. मी न्हाई म्हणत असताना विकला."

पाडव्याला मी दत्ताला बोलावून घेतलं आणि दोघं टकरीच्या गावाला गेलो. नदीकाठच्या गायरानात माणसांचं रिंगण होतं. झाडांवर, ट्रॅक्टरवर, छपरांवर माणसं. सगळ्यांचे मोबाइल वर. ताशा आता तुटक नव्हता, सलग होता, छातीत वाजत होता. गुलाल, धुरळा आणि दारूचा वास. एका कडुनिंबाखाली गरीबा उभा होता. तेल चोपडून काळाभोर केलेला, शिंगांना मोरपिसं, गळ्यात झेंडूचा हार. डोळे लाल. मला ओळखलं की नाही, कळेना. हाराची पाकळी ओठांना लागत होती, ती तो खात होता.

मी माधवरावला गाठलं. म्हणाले, "परत द्या. तुम्ही म्हणाल तो भाव."

आयुष्यात ते वाक्य मी तेवढं एकदाच बोलले.

"ताई, आता कसं जमंल? लोक जमलेत," तो गोडच बोलत होता. "अन् तुम्हीच तर म्हणला व्हता, सोडा कुठलाबी म्होरं म्हणून. तुमचं बोलणं ऐकूनच तर घेतला म्या. न्हाईतर मला खरंच म्हशींसाठी पाहिजे व्हता."

ते खरं होतं की खोटं, मला आजही माहीत नाही. दत्ता माझ्या शेजारी उभा होता.

समोरचा हल्या बुटका होता, पण मुरलेला. पायानं माती उकरत आला. गरीबाला मागून टोचलं तसा तो चार पावलं पुढं गेला आणि त्यानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, झुंजीला घातली. तो समोरच्याचं तोंड हुंगायला बघत होता. पहिली धडक बसली तेव्हा खडकावर खडक आपटावा तसा आवाज झाला. गरीबा हलला नाही. मग शिंगात शिंगं अडकली आणि दोघं नुसते रेटत राहिले.

आता मला जे कळतं ते तेव्हा कळायला पाहिजे होतं. जनावरं मी जन्मभर राखली. टकरीत ज्याला लढायचं नसतं तो सावकाश मागं सरकतो, शिंगं सोडवतो आणि पळतो. लोक हुर्यो करतात, मालकाची लाज जाते, खेळ संपतो. गरीबा मागं सरकायलाच लागला होता. एक पाऊल, दोन पावलं. लोक शिव्या द्यायला लागले. आणखी थोडा वेळ मी गप्प बसले असते तर तो पळाला असता.

पण माझ्याच्यानं राहवलं नाही. माझं डोकं फिरलं तसा आवाज फुटला, आणि आला तो तळ्याच्या काठावरचाच. "ये रं गरीबाऽऽ, ये!"

त्यानं आधी कान वळवला. मग मान वळवली. समोरचा हल्या तिथंच होता. त्याला उघडी कूस मिळाली.

त्यानंतरही गरीबा माझ्याकडं चालत आला. माणसं बाजूला झाली. अगदी जवळ येऊन, पाण्यात बसायचा तसा आधी पुढचे गुडघे टेकून खाली बसला. एकही टाळी वाजली नाही. मोबाइल मात्र कुणी खाली केले नाहीत. दिवस मावळायच्या आत तो गेला.

ताशाच्या त्या दणक्यात माझी हाक किती जणांना ऐकू गेली असेल? माधवरावला नाही, हे नक्की. तो म्हणत होता, "एकदम काय झालं त्याला, कळंना." घरी आल्यावर मी कुणाला काही सांगितलं नाही. जे आधीपासून सांगत होते तेच सांगत राहिले. सात दिवाळ्या झाल्या. दत्तानं विकला. दस्तीखाली हात झटकायचा होता, झटकला नाही. गावात सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं, लोकांनी त्याला तोंडावर बोल लावले. तो ऐकून घ्यायचा. दर भाऊबीजेला तो येतो, मी ओवाळते, आणि ओवाळताना त्याच्या तोंडाकडं बघत नाही. म्हशी आता मी माणूस ठेवून विकते.

सिनेमा बघून ऑटोतून येताना मुक्तानं खोदून खोदून विचारलं आणि मी तिला गरीबाची गोष्ट सांगितली. सवयीनं, नेहमीसारखी. दत्ताआबानं विकला, टकरीत मेला. हाकेचं सोडून. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. गिऱ्हाइकाला दुधात पाणी नाही म्हणून सांगताना असतो तसा, खणखणीत.

आज भाऊबीज. दुपारच्या गाडीनं दत्ता आला. केस पांढरे झालेत, एका पायानं थोडा लंगडतो. मुक्तासाठी लाडवांचा डबा आणि माझ्यासाठी गावाकडची चवळी घेऊन आला. पाटावर बसला, टोपी नीट केली. मी ताट घेऊन समोर आले, तेवढ्यात मुक्ता त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"दत्ताआबा, तुम्हीच मारलं ना गरीबाला?"

मी तसं म्हणाले नव्हते. पण मी जे म्हणाले होते त्याचा अर्थ पोरीनं बरोबर काढला होता.

दत्तानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हाव माय," तो म्हणाला. "म्याच."

बाहेर ताशा चालू होता. लांब कुठंतरी, सलग. गोठ्यात एकही म्हैस रवंथ करत नव्हती.

"न्हाई," मी म्हणाले. "यानं न्हाई. हाक मी मारली, म्हणून त्यानं मान वळवली."

मुक्ता एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. दत्ता खाली बघत होता.

"ठावं हाय, अक्का," तो म्हणाला. "म्या तुझ्या शेजारीच व्हतो."

"मग सात वर्षं बोलला का न्हाईस?"

"तुझ्यासंगं बोलण्यात आजवर कोण जिकलंय?" म्हणाला आणि हसायला गेला, पण ते हसू काही नीट आलं नाही. मग टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली, पुन्हा घातली, आणि ओवाळून घ्यायला मान थोडी पुढं केली.